पाचशे दाणे मोजले तेव्हा

पोतं कडेला सरकवायला धरलं आणि शिवणीतून पांढुरकी भुकटी फरशीवर सांडली. माती असेल म्हणून पायानेच बाजूला सारली. मग बोटावर घेऊन पाहिली तर मऊ, पिठासारखी. सुतळी सोडली, हात कोपरापर्यंत ज्वारीत खुपसला आणि दचकून बाहेर काढला. आतली ज्वारी कोमट लागत होती. खोलीत दिवसभर सावली, फरशी गार, आणि पोत्याच्या पोटात मात्र ताप चढल्यासारखी ऊब. तळहाताला चारपाच सोंडे चिकटून आले होते.

मळणी होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते. वर्षभर पुरवायचं धान्य ते, आणि पुढच्या पेरणीचं बीसुद्धा त्याच पोत्यांत.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "सोंडे लागलेत. चाळून काढ, दोन कडक उन्हं दे, जातात." मी तसंच केलं. चाळणीखाली किड्यांचा काळपट थर पडला, उरलेसुरले उन्हाने पळाले, धान्य पुन्हा नव्यासारखं दिसायला लागलं. पोती शिवून टाकली. तीन आठवड्यांनी बघते तर पुन्हा तीच भुकटी, तीच ऊब.

चाळणीने जातात ते मोठे किडे. सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट लुकण लावून भोक बंद करते. वरून बघणाऱ्याला दाणा धडधाकट दिसतो. अळी आतच खाते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढ झाल्यावर भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हे सगळं चारपाच आठवड्यांत उरकतं. म्हणजे मी ज्या दिवशी समाधानाने पोती शिवत होते, त्या दिवशी पुढची पिढी दाण्यांच्या आत बसूनच होती. ऊब होती ती त्यांच्याच श्वासाची. धान्यातून उष्णता सहज बाहेर जात नाही. किडे जेवढे वाढतील तेवढी ऊब वाढते, आणि ऊब वाढली की किडे आणखी जोमाने वाढतात.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी नुसता राग आला होता. खोलीचा राग, पोत्यांचा राग, ज्याने ती पोती विकली त्याचा राग. यांचं म्हणणं, "दरवर्षी थोडं जातंच." थोडं म्हणजे किती, या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. पेरलं किती, खत किती घातलं, किती पोती झाली, सगळं तोंडपाठ. साठवणीत गेलं किती, ते मात्र "थोडं".

म्हणून मोजायला बसले. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ घेतली, सगळं एकत्र कालवलं आणि त्यातले पाचशे दाणे परातीत मोजून घेतले. दुपारभर चाललेलं ते काम बघून सासूबाईंना माझी काळजी वाटायला लागली असावी. ५०० दाण्यांत भोक पडलेले निघाले ६०, चांगले ४४०. दागिने तोलायच्या काट्यासारखा एक छोटा डिजिटल काटा उसना आणला होता. चांगले ४४० भरले १५.४ ग्रॅम, किडके ६० भरले १.४७ ग्रॅम. म्हणजे चांगला दाणा सरासरी ३५ मिलिग्रॅमचा आणि किडका २४.५ मिलिग्रॅमचा. किडक्या दाण्याचा तीस टक्के गाभा खाल्ला गेला होता. शंभरात बारा दाणे किडके, आणि त्यांतल्या प्रत्येकातून तीस टक्के गेलेलं. वजनात घट झाली ३.६ टक्के.

हे ऐकून ह्यांना हायसं वाटलं. "बघ, साडेतीन टक्के. एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलंस."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण हा आकडा साडेतीन महिन्यांचा होता आणि धान्य अजून आठ महिने काढायचं होतं. एक सोंडी तिच्या आयुष्यात दोनतीनशे अंडी घालते, त्यामुळे ही घट सरळ रेषेत वाढत नाही. पहिले तीन महिने कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि येतं तेव्हा ती पळायला लागलेली असते. शिवाय वजनाच्या हिशेबात न येणारं बरंच होतं. त्याच ज्वारीतले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, चार दिवसांनी मोड मोजले तर ५८. पेरणीसाठी ठेवलेल्या धान्याचं हे चित्र. किडे सापडल्याच्या घबराटीत आम्ही चार पोती घाईने विकून टाकली होती, सगळ्यांचा माल बाजारात येतो नेमक्या त्याच दिवसांत. तो तोटा कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

त्या वर्षी जे वाचवता आलं ते वाचवलं आणि ठरवलं, पुढच्या वेळी सुरुवातीपासून वही ठेवायची.

पहिली नोंद धान्याची नव्हतीच, बरण्यांची होती. नवी ज्वारी आणि नवी चवळी शेतातून थेट आणली, खोलीत पाऊलही न ठेवू देता. दोन काचेच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवल्या, एकेकीत ओंजळभर धान्य घातलं, तोंडाला दुहेरी घट्ट कापड बांधलं आणि खिडकीपासून लांब फळीवर ठेवून दिल्या. माझा समज पक्का होता, की कीड आमच्या खोलीत आहे. बरण्यांत काही निघणार नाही, खोलीतल्या पोत्यांत निघेल, आणि मग खोली एकदाची चुन्याने रंगवून घेता येईल.

सव्वीसाव्या दिवशी चवळीच्या बरणीत भुंगेरे फिरत होते. भिंगातून पाहिलं तर दाण्यांवर पांढरे ठिपके, अंड्यांचे. दाण्यांना गोल गोल खिडक्या पडलेल्या. ज्वारीच्या बरणीत दोनच सोंडे निघाले, पण निघाले.

म्हणजे कीड शेतातूनच आली होती. कडधान्यावरचा भुंगेरा पिकल्या शेंगांवरच अंडी घालतो, अळी शेंगेतून दाण्यात शिरते, आणि आपण मळणी करून तिला पोत्यात भरून घरी आणतो. शेंगा वाळल्यावरही शेतात जितक्या जास्त दिवस राहतील तितकी ही आवक वाढते. आम्ही तर चवळी तोडायला मजूर मिळेना म्हणून पंधरा दिवस उशीर केला होता. साठवणीतल्या नुकसानाचा पहिला हप्ता तिथेच भरला गेला होता आणि मी वर्षभर खोलीच्या भिंतींकडे बोट दाखवत होते.

खोली निर्दोष होती असं नाही. पण संशयाची यादी आता उलट्या दिशेने लिहायला हवी होती: शेत, मळणी, वाळवण आणि सगळ्यात शेवटी खोली.

मळणीचं प्रकरण मला अगदी अनपेक्षित होतं. आमच्या पोत्यांत सोंड्यांबरोबर तांबूस, चपटे, लहानसे भुंगेरेही भरपूर होते. ह्या तांबड्या भुंगेऱ्याला अख्खा, निरोगी दाणा सहसा फोडता येत नाही. त्याला लागतो तुटका दाणा, पीठ, कणी. मग एवढी कणी आली कुठून? काही सोंड्यांनी केली होती, हे खरं. पण मळणी संपल्या संपल्या मूठभर दाणे घेऊन निवडले तेव्हाच त्यात फुटके आणि चिरलेले कितीतरी निघाले. यंत्रवाल्याला घाई होती, त्याने वेग वाढवला होता, आणि ढीग लवकर होतोय म्हणून आम्हीही खूश होतो. फुटका दाणा कीड बोलावतो, बुरशी बोलावतो आणि ओलही लवकर धरतो. दुसऱ्या वर्षी मी यंत्राशेजारी उभी राहून दर काही मिनिटांनी मूठ तपासत होते. "ताई, असं केलं तर संध्याकाळ होईल," यंत्रवाला म्हणाला. झाली संध्याकाळ.

मळणीनंतर धान्य पुन्हा उफणलं आणि चाळलं. कणी, भुसा, तणाचं बी, मातीची ढेकळं, सगळं बाहेर. ह्या बारीक कचऱ्याचं एक लक्षात आलेलं: तो पोत्यात एका जागी साठतो, दाण्यांमधल्या फटी बुजवतो, हवा अडवतो, आणि ओलावाही तिथेच धरून राहतो. आदल्या वर्षीच्या पोत्यांत सगळ्यात गरम जागा नेमक्या अशाच होत्या.

वाळवणावरून घरात खरं भांडण झालं. धान्य चार दिवस वाळवायचं म्हटल्यावर ह्यांनी सरळ हिशेब मांडला: वाळवलं की वजन घटतं, घटलेल्या वजनाचे पैसे कोण देणार? हिशेब बरोबर होता. सोळा टक्के ओल असलेलं शंभर किलो धान्य बारा टक्क्यांवर आणलं तर ९५.५ किलोच्या आसपास उरतं. साडेचार किलो उन्हात उडून जातात. पण ते साडेचार किलो पाणी असतं, आणि तेच पाणी आत ठेवलं तर त्यावर किडे आणि बुरशी जगतात. साधारण १३ टक्क्यांच्या खाली तृणधान्यावर बुरशी वाढत नाही. बियाण्याच्या बाबतीत तर एक ढोबळ नियमच आहे, की ओल एक टक्क्याने कमी केली की बियाण्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. शेवटी तडजोड झाली. लगेच विकायचं धान्य ह्यांनी हवं तसं विकावं, ठेवायचं धान्य माझं.

ओल कशी ओळखायची याच्या सासूबाईंच्या दोन खुणा. दाणा दाताखाली धरायचा, कट्ट वाजून तुटला तर वाळला, दबला तर ओला. आणि मूठ ढिगात घातली की कोरडं धान्य सळसळतं, ओलं गप्प राहतं. खुणा खोट्या नाहीत. मात्र माझे दात आणि त्यांचे दात यांच्यात एकमत होईना. मग मिठाची परीक्षा केली. कोरड्या काचेच्या बाटलीत तृतीयांश धान्य, त्यात दोनतीन चमचे अगदी कोरडं मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं. बाटलीच्या काचेला मीठ चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल. आमच्या बाटलीची काच स्वच्छ राहिली आणि मी जिंकल्याच्या आनंदात पोती भरायला घेतली. इथे मी केलेली चूक जरा पुढे सांगते.

वाळवण करताना शिकलेल्या गोष्टी सांगायला साध्या आहेत, करताना त्यांनी दमवलं. जमिनीवर थेट टाकायचं नाही, ताडपत्रीवर टाकायचं, नाहीतर खालून ओल येते आणि माती मिसळते. थर दोन बोटांहून जाड नको. तासातासाने पायांनी किंवा दांड्याने ओळी ओढून खालचं वर करायचं. आणि संध्याकाळी झाकायचं किंवा आत घ्यायचं. हे आम्ही आधी कधी केलं नव्हतं. दिवसभर वाळलेलं धान्य रात्रीच्या दमट हवेतून पाणी परत पिऊन घेतं, त्यामुळे आमचे चार दिवस खरं तर दोनच दिवसांचे ठरायचे. शिवाय उन्हातून काढलेलं गरम धान्य लगेच भरायचं नाही. सावलीत पसरून गार होऊ द्यायचं. गरम भरलं तर आतली वाफ थंड कडेला जाऊन पाण्याच्या रूपात बसते. बियाण्याच्या वाट्याला मात्र कडक ऊनही सांभाळून दिलं. ओल्या बियाण्याचा दाणा ४३ अंशांच्या वर तापला तर उगवणीला मार बसतो, म्हणून ते दुपारी सावलीत ओढायचे.

चवळीचं काय करायचं? अंडी तर दाण्यावर बसलेलीच. त्यातल्या खाण्याच्या चवळीला मी ऊनच वेगळ्या तऱ्हेने दिलं. खाली काळं प्लास्टिक, त्यावर एकेरी थरात चवळी, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबून बंद. आतलं तापमान ५७ अंशांवर तासभर राहिलं तर भुंगेऱ्याची अंडी, अळ्या, कोष, सगळं मरतं. साधा तापमापक आत ठेवला होता, दुपारी एकच्या सुमाराला काटा ६० च्या पुढे गेला. हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडला. यात पैसा नाही, विष नाही, फक्त एक निरभ्र दुपार हवी. पोत्यांच्या हिशेबाने माल असेल तर मात्र जागा पुरत नाही.

विषाचा विषय निघालाच. ओळखीच्या एका काकांनी धान्यात ठेवायच्या गोळ्या सुचवल्या. "दोन टाक पोत्यात, वर्षभर बघायला नको." त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, किडे मरतात, आणि खोलीला लागून माणसं झोपत असतील तर तीही मरू शकतात. या विषावर उतारा नाही. माझी धान्याची खोली आणि मुलांची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत, तीही वर छताला पूर्ण न टेकलेली. "काका, नको," एवढंच म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मग राहिली भांडी. कशात ठेवायचं?

आमच्याकडे एक पत्र्याची मोठी कोठी होती. पत्र्याची कोठी उंदरांना फोडता येत नाही आणि नीट बंद केली तर किड्यांनाही बाहेरून शिरता येत नाही. मध्य अमेरिकेत होंडुरासमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमातून हजारो लहान शेतकऱ्यांच्या घरात अशा कोठ्या गेल्या, असं वाचलं होतं. मी आमची कोठी घासून काढली, तळाच्या सांध्यांत अडकलेलं जुनं धान्य सळईने उकरलं, ज्वारी भरली. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून वर धान्यावर एका वाटीत मेणबत्ती पेटवली आणि झाकण लावलं. मेणबत्ती प्राणवायू संपवते आणि किडे गुदमरतात, असा त्यामागचा विचार. मेणबत्ती विझली, मला समाधान वाटलं. विचार अर्धाच बरोबर होता. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि मेणबत्ती सोळाच्या आसपास आला की विझते. किड्यांना सोळा टक्के भरपूर झाले. त्यांचं खाणं थांबायला तो पाच टक्क्यांच्याही खाली जावा लागतो. तिथपर्यंत त्याला नेतात ते किडे आणि दाणे स्वतःच, श्वास घेऊन घेऊन. त्यासाठी भांडं काठोकाठ भरलेलं आणि झाकणाची फट पक्की बुजवलेली हवी. माझी कोठी वर हातभर रिकामी होती, आणि दर चार दिवसांनी मी झाकण उघडून आत डोकावत होते. प्रत्येक डोकावण्यासरशी ताजी हवा आत.

कोठीने दुसराही धडा दिला. ती ठेवली होती दाराजवळ, दुपारी तिच्या एका अंगावर ऊन यायचं. दिवसा पत्रा तापायचा, रात्री गार व्हायचा. दीड महिन्याने झाकण काढलं तर वरचा बोटभर थर एकमेकांना चिकटून खपली धरलेला, कुबट वासाचा. पाऊस आत आला नव्हता. धान्यातलाच ओलावा उबदार भागातून गार भागाकडे सरकला होता आणि रात्री थंड झाकणाखाली पाणी होऊन पुन्हा धान्यावर पडला होता. कोठी आत, सावलीत, भिंतीपासून सुटी हलवली. खपली फेकून दिली, कोंबड्यांनासुद्धा घातली नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ते शिजवून जात नाही, धुऊन जात नाही. एक पाटीभर धान्य फेकताना सासूबाईंचा जीव खालीवर झाला, पण त्या गप्प बसल्या.

उरलेल्या धान्यासाठी हवाबंद पिशव्या आणल्या होत्या. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठीच ही पद्धत बसवली, हे कळल्यावर मला त्या पिशव्यांबद्दल उगाच आपुलकी वाटली. तत्त्व सोपं आहे: हवा बाहेरून येत नाही, आतली किडे वापरून संपवतात, मग खाणं थांबतं. गंमत अशी, की ते नुसते गुदमरून मरत नाहीत, तर तहानेने मरतात. कोरड्या धान्यात किड्याला पाणी मिळतं ते अन्न प्राणवायूबरोबर पचवून. प्राणवायू गेला की पाणीही बंद.

भरायचं तंत्र हातात बसायला वेळ लागला. पिशवी आधी फुगवून, तोंड पिळून, दाबून बघायची. कुठे फुस्स होतंय का ते कानाने ऐकायचं. धान्य भरताना मध्ये मध्ये आपटून बसवायचं. वर रिकामी जागा ठेवायची नाही. आतल्या पिशवीचं तोंड पिळून हवा काढायची, घट्ट बांधायचं, पीळ दुमडून पुन्हा बांधायचं. मग दुसरी पिशवी तशीच, मग पोतं. मी एकूण सहा पिशव्या भरल्या.

आणि आता ती चूक. दोन महिन्यांनी पहिली पिशवी उघडली. किडा एकही जिवंत नव्हता, पण नाकात आंबूस वास शिरला. मिठाची परीक्षा १५ टक्क्यांच्या वरची ओल दाखवते. माझी ज्वारी चौदाच्या पुढे असेल, म्हणून काच स्वच्छ राहिली. गोणपाटाच्या पोत्यात ती थोडीफार आणखी वाळली असती. हवाबंद पिशवी आत भरलेली ओल आतच ठेवते, तिला वाळवता येत नाही. मग एका बियाणं करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओलावा मोजायचं मीटर तासाभरासाठी मागून आणलं आणि सहाही पिशव्या उघडल्या. दोन १४ च्या वर, चार १२ ते १३ च्या मध्ये. चार होत्या शेवटच्या दिवशी वाळवलेल्या ढिगातल्या, दोन होत्या आभाळ आलं म्हणून घाईने भरलेल्या. दोन्ही पुन्हा उन्हात काढल्या. वास थोडा राहिलाच, ती ज्वारी बियाण्यातून आणि घरातूनही बाद झाली. वहीत त्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: आभाळ आलं तर झाकायचं, भरायचं नाही.

खोलीचं काम सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात कमी वेळात झालं. जुन्या धान्याचा एकही दाणा नव्याशेजारी ठेवला नाही. भिंतीच्या भेगा लिंपल्या. जुनी पोती उलटी करून शिवणी झटकल्या, उकळत्या पाण्यातून काढून वाळवली, कारण शिवणीत किडे महिनोन्‌महिने तग धरतात. फळ्यांवर थप्पी, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागे हात आणि विजेरी दोन्ही जातात. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकली. करंगळी जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, हे माहीत असूनही मी खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलंच नाही.

यंदा सहा महिन्यांनी पुन्हा परात घेऊन बसले. तीन पिशव्या आणि कोठी, सगळ्यांतून मुठी काढल्या, पाचशे दाणे मोजले. सासूबाई या वेळी समोर येऊन बसल्या, चष्मा लावून. "तू चांगले मोज, मी किडके काढते." किडके निघाले नऊ, त्यातले सात कोठीतले. वजनाचा हिशेब मी केलाही नाही, एवढ्या दाण्यांवर काट्याचा भरवसा धरता येत नाही. बियाण्याच्या पिशवीतले शंभर दाणे फडक्यात ठेवले, मोड आले ९१.

चवथ्या पिशवीचा कोपरा मात्र कुरतडलेला निघाला. बाहेरचं पोतं, आतल्या दोन्ही पिशव्या, तिन्ही आरपार, आणि फळीवर लेंड्या. खिडकीचा वरचा कोपरा. त्या पिशवीतलं धान्य गाळून, निवडून, पहिल्यांदा वापरायला काढलं. भोकाला चिकटपट्टी लावून पिशवी पुन्हा चालते का, ते फुगवून बघत होते. सासूबाई कान लावून ऐकत होत्या. "जातंय गं," त्या म्हणाल्या, "इथून नाही, खालच्या शिवणीतून."